शनिवारचं सँडविच

बाई, आज दुपारी मी स्वतःसाठी सँडविच केलं. मटणाचं, वर चीज घालून, तव्यावर, अगदी गरम. तुम्ही त्याला स्टेक सँडविच म्हणायचात. एवढ्याशा गोष्टीसाठी तुम्हाला लिहायला बसले याचं मलाच नवल वाटतंय. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली. पण हे ज्याला सांगावं आणि ज्याला त्यात काही विशेष वाटेल असं दुसरं कुणी डोळ्यांसमोर आलं नाही. माझ्या मुलीला सांगितलं, तर ती हसली. तिचं हसणंही तुम्हाला सांगणार आहे, पण ते नंतर.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की तुम्ही मला शरणपूरच्या तुमच्या घरी बोलवायचात, इंग्रजी वाचून घ्यायला. आमचं घर पंचवटीत, फुलांचा मळा मखमलाबादच्या बाजूला. मी सायकलवरून पूल ओलांडून आले तरी माझ्या हाताला झेंडूचा वास असायचा आणि तुम्ही तो वास बरोबर ओळखायचात. तुमचं घर दोन खोल्यांचं, पुढे लहानसा व्हरांडा. तुम्ही नुकत्याच आलेल्या असता. पर्स खुंटीला लावता, पदर खोचता आणि म्हणता, "तू इथंच स्टुलावर बस. मोठ्यानं वाच. मला भूक लागलीय, पण कान रिकामे आहेत." मी वाचायला लागते. तुम्ही फ्रीजमधून एक झाकलेली बशी काढता. त्यात आदल्या रात्री वरवंट्यानं ठेचून पसरट केलेला मटणाचा तुकडा असतो, मिरपूड आणि कच्च्या पपईचा कीस चोळून ठेवलेला. लोखंडी तव्यावर तूप सोडून धूर दिसेपर्यंत तुम्ही थांबता. मग मटण तव्यावर पडतं, चर्र आवाज होतो आणि माझं वाक्य अर्ध्यात राहतं. "थांबलीस का? ते जळणार नाही. पुढे वाच." त्याच तुपात कांद्याच्या चकत्या. मग ब्रेड, ब्रेडवर मटण, कांदा, किसलेलं चीज, पुन्हा ब्रेड. वर खलबत्त्यातला खल उपडा ठेवायचा, म्हणजे ते नीट दबतं. चीज कडेनं उतू येऊन तव्याला लागलं की तुम्ही तो करपलेला पापुद्रा उलथन्यानं सोडवून आधी तोंडात टाकायचात, एखाद्या लहान मुलीसारखा.

पहिल्याच शनिवारी तुम्ही मला विचारलं होतं, "खाणार?"

"आमच्यात शनिवारी नाही खात, बाई."

"बरं. मग बघत बस. बघायला वार लागत नाही."

मी बघितलं. नंतरच्या प्रत्येक शनिवारी बघितलं. इतर वारी मला तुमच्याकडे येता आलं नाही, त्यामुळे ते सँडविच मी कधीच खाल्लं नाही. आज जे केलं ते डोळ्यांनी आणि नाकानं शिकलेलं होतं, जिभेनं नाही. स्टेक हा शब्दही तुमच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. तुमचे वडील देवळालीला एका बंगल्यावर खानसामा होते, त्यांनी तुम्हाला हे शिकवलं असं तुम्ही सांगायचात. "खऱ्या स्टेकला वेगळं मांस लागतं," तुम्ही म्हणाला होतात, "आपला हा बोकडाच्या मांडीचा. पण नाव तपासायला कोण येतंय?"

तुम्ही ताटली घेऊन टेबलाशी बसायचात. टेबलाजवळ एकच खुर्ची ओढलेली असायची. सँडविच सुरीनं तिरकं कापायचात, कडेला काकडीचे काप ठेवायचात आणि सावकाश खायचात. मला याचं किती नवल वाटायचं हे तुम्हाला तेव्हा सांगता आलं नसतं, कारण मलाच कळत नव्हतं की नवल कशाचं वाटतंय. आमच्या घरात मटण रविवारी व्हायचं. वडील आणि काका आधी, मग भाऊ, मग आम्ही मुली, मग काकू, आणि शेवटी आई. आईच्या ताटात रस्सा असायचा. ती भाकरी कुस्करून त्यात बुडवायची आणि म्हणायची, "रश्शातच खरी चव अस्ती." आम्हाला ते खरं वाटायचं. बाईमाणसानं फक्त स्वतःसाठी चूल पेटवायची, चांगला तुकडा स्वतःसाठी ठेवायचा आणि बसून खायचा, हे मी तोपर्यंत बघितलंच नव्हतं.

एका शनिवारी तुम्ही मला आईबद्दल इंग्रजीत पाच वाक्यं सांगायला लावलीत. आई लवकर उठते, आई हार करते, असं दोन-तीन झालं. मग मी अडले आणि विचारलं, "बाई, उरलंसुरलं याला काय म्हणतात?"

"कशाला हवंय?"

"माझ्या आईला उरलंसुरलं आवडतं, असं म्हणायचंय."

तुमच्या हातातलं उलथनं थांबलं. तुम्ही रागावलात की आवाज चढवत नसायचात, उलट खाली आणायचात. "आवडतं? तिनं सांगितलं तुला?"

"नाही. पण ती तेच खाते."

"खाणं आणि आवडणं यांची क्रियापदं वेगळी आहेत. मराठीतही. घरी जाऊन विचार, आणि पुढच्या वेळी वाक्य नीट आण."

त्या संध्याकाळी मळ्यावरून आलेल्या शेवंतीच्या ढिगाशी आई बसली होती. मी विचारलं, "आई, तुला खायला काय आवडतं?" ती म्हणाली, "मला काय, काय बी चालतं." मी म्हटलं, चालतं नाही, आवडतं काय ते सांग. "लय शानी झाली का शाळेत जाऊन? फुलं निवड गुमान." काकू हसली. मग ती भरलेली टोपली घेऊन आत गेली. सुईत दोरा ओवताना आई एकदम माझ्याकडे न बघता म्हणाली, "नळी. मटनाची नळी आवडायची मला. माझा बाप माझ्यासाठी बाजूला काढून ठेवायचा. भावास्नी हात लावू देत नव्हता." आणि पुढच्याच श्वासात, "कुनाला सांगू नको, नायतर म्हनतील म्हातारी हावरट हाय." तेव्हा ती पस्तिशीचीही नसेल, बाई. आज मी तिच्यापेक्षा बरीच मोठी आहे.

पुढच्या रविवारी मी पातेल्यातली नळी शोधून तिच्या ताटात ठेवली. तिनं ती उचलून भावाच्या ताटात टाकली. "त्याची परीक्षा हाय." मी हे तुम्हाला सांगितलं तेव्हा मला वाटलं, तुम्ही काहीतरी मोठं बोलाल. तुम्ही नुसतं म्हणालात, "हं. असं एका रविवारात होत नाही." आणि नळीतल्या त्या मऊ गराला इंग्रजीत मॅरो म्हणतात हे सांगून वाक्य माझ्याकडून पुन्हा म्हणून घेतलंत.

मी तुम्हाला फार मोठं करून तर सांगत नाहीये ना, हे लिहिताना मी थांबून विचारतेय. तुम्ही एकट्या जेवायचात ते तत्त्व म्हणून की दुसरं कुणी नव्हतं म्हणून, हे मला ठाऊक नाही. मी निघायला लागले की तुम्ही उगाच काहीतरी विचारत फाटकापर्यंत यायचात. रेडिओ तुम्ही कधी बंद करत नसायचात, वाचनाच्या वेळीही हळू आवाजात तो सुरूच. कदाचित शनिवारी मला बोलावणं हेही त्या रिकाम्या दुपारसाठीच असेल. तसं असलं तरी मला त्यात कमीपणा दिसत नाही. दुपार रिकामी होती आणि तरीही तुम्ही काकडी कापून कडेला ठेवायचात. आता मला त्या काकडीचंच जास्त आश्चर्य वाटतं.

कारण मी काकडी कापत नव्हते, बाई. माझा नवरा चार वर्षांपूर्वी गेला. तेव्हा मुलगी घरात होती, म्हणून स्वयंपाक होत राहिला. या जूनमध्ये तिला बंगळूरला नोकरी लागली. किती रात्री जागून मिळवलेली नोकरी. ती गेली आणि माझा स्वयंपाक हळूहळू थांबला. सातपूरच्या ऑफिसातून घरी यायचं, चहात खारी बुडवायची, फार तर मूठभर चिवडा. एकटीसाठी काय कुकर लावायचा, हे वाक्य मी मनात इतक्यांदा म्हटलं की ते आईच्याच आवाजात ऐकू यायला लागलं. मुलगी रोज विचारायची, काय जेवलीस? मी सांगायचे, वरणभात. मागच्या आठवड्यात व्हिडिओवर बोलताना तिनं एकदम विचारलं, "आई, शेगडी इतकी चकाचक कशी? फोडणीचा एक डाग नाही. तू काही करतच नाहीस ना?" ती रडायलाच लागली. म्हणाली, "तुझं वजन बघ. मी महिनाअखेर राजीनामा देते आणि घरी येते. नाशकात काय नोकऱ्या नाहीत?"

मी नको नको म्हटलं. पण फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं, बाई. छातीत ऊब आल्यासारखं. आणि मग त्या बरं वाटण्याचीच मला भीती वाटली. मला भूक लागत नाही म्हणून मी जेवत नव्हते, की मी जेवले नाही तर ती परत येईल हे मला आतून कुठेतरी माहीत होतं? चार दिवस मी हा प्रश्न घेऊन ऑफिसला गेले आणि आले. प्रामाणिक उत्तर असं की मला कळत नाही. पण कळेपर्यंत थांबलं तर तिचा राजीनामा जाईल, एवढं कळत होतं.

म्हणून आज रविवारी सकाळी मटणाच्या दुकानात गेले. रांग होती. दुकानदार ओळखीचा, नवऱ्याच्या वेळेपासूनचा. "या ताई! लय दिसांनी. किती, एक किलो?"

"दीडशे ग्रॅम. मांडीचं, बिनहाडाचं, एकच तुकडा."

त्यानं सुरा खाली ठेवला. "दीडशे? ताई, मांजर पाळलं का?"

मागच्या दोघी हसल्या. मला हो म्हणून सुटता आलं असतं. मी म्हटलं, "मांजर नाही. मला हवंय. मी एकटीच आहे आणि मला खायचंय."

तो मान डोलावून म्हणाला, "मग ताई, मांडीच्या आतल्या बाजूचं देतो. ते मऊ." आणि मागच्या बाईला, "हसता काय वहिनी, तुम्ही दोन किलो नेता अन् स्वतः रस्सा खाता." ती बाई हसायची थांबली, आणि नंतर आणखी मोठ्यानं हसली.

घरी येऊन मी मटण ठेचलं, पपई चोळली, दोनेक तास ठेवलं. तुम्ही रात्रभर ठेवायचात, तेवढा धीर माझ्याकडे नव्हता. उद्यावर टाकलं असतं तर उद्या पुन्हा खारीच झाली असती. तवा तापायच्या आतच मी मटण टाकलं, त्यामुळे त्याला पाणी सुटलं. ब्रेडची एक बाजू काळी झाली. चीज मात्र छान वितळलं. ताटली घेऊन टेबलाशी बसले. पहिल्या घासाला जीभ भाजली. मटण जरा चिवट होतं, मिरपूड नाकात गेली, कांदा गोड लागला आणि तेवढ्यात मला खरोखरची भूक लागली, जशी शाळेतून आल्यावर लागायची तशी. मी दोन्ही हातांनी धरून खाल्लं.

मध्येच मुलीचा फोन वाजायला लागला. हात तुपानं माखले होते. मी तो वाजू दिला. पुन्हा वाजला, तोही वाजू दिला. खाणं संपल्यावर हात धुऊन मीच लावला.

"आई! कुठे होतीस? मी शेजारच्या काकूंना फोन करणार होते!"

"जेवत होते."

"मग उचलायचा ना!"

"गरम होतं गं. थांबलं असतं तर चीज घट्ट झालं असतं."

"चीज? काय जेवलीस?"

"स्टेक सँडविच."

ती इतकी हसली की तिची मैत्रीण काय झालं म्हणून विचारत आली. "आई, स्टेक म्हणजे काय तुला माहितीये का?"

"तुझ्या जन्माच्या आधीपासून," मी म्हटलं. ती हसत होती तेवढ्यातच मी बोलून टाकलं, ती गंभीर झाल्यावर मला जमलं नसतं. म्हटलं, राजीनामा देऊ नकोस. दिवाळीला ये, चांगली आठ दिवस राहा, आणि परत जा. ती म्हणाली, "नक्की? मला बरं वाटावं म्हणून बोलत नाहीयेस ना?" मी सांगितलं, थोडं तुला बरं वाटावं म्हणूनही बोलतेय, पण सगळं नाही. ती हळूच म्हणाली, "बरं. उद्या काय करणार आहेस?" आणि आम्ही भेंडीच्या भाजीवर बोलायला लागलो.

बाई, हे कुठे पाठवायचं नाही, आणि पाठवता आलं असतं तर हे शेवटचं मी कदाचित खोडलं असतं. सकाळपासून मी सगळं तुम्हाला आठवून केलं, ठेचताना तुमचा वरवंटा, तव्याशी तुमचा आवाज. पण खायला लागल्यावर मला मुलगी आठवली नाही, नवरा नाही, आई नाही, आणि तुम्हीसुद्धा आठवला नाहीत. मी फक्त जेवत होते.