जामीनदाराचं ताट

बाबा, आज ऑफिसात मी एक फॉर्म घेऊन चार टेबलं फिरले. घरासाठी कर्ज काढतेय, इथेच बदलापूरला, स्टेशनच्या पूर्वेला. फॉर्मच्या शेवटच्या पानावर जामीनदारांच्या दोन सह्या लागतात. ज्यांच्याबरोबर मी सात-आठ वर्षं डबा खाते त्यांच्यातल्या एकीच्या घरी म्हणे कुणाला जामीन राहत नाहीत, एकाला बायकोला विचारावं लागतं, एक अचानक कामात बुडून गेला, आणि चौथ्यानं तर फॉर्म हातातही घेतला नाही, बोटाच्या टोकानं माझ्याकडे परत सरकवला. मला त्या चौघांची किळस आली. घरी पोचेपर्यंत ती माझ्याच अंगावर उलटली, कारण जामीनदाराशी माणूस किती हलकटपणे वागू शकतो हे मला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तुम्हाला जाऊन बारा वर्षं होत आली. एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. ती एकदम सांगण्याची हिंमत नाही म्हणून सुरुवातीपासून लिहिते.

उल्हासनगरच्या बराकीतली आपली भाड्याची खोली तुम्हाला कधीच आवडली नाही. ती सोडायची म्हणून आपण दर सुट्टीला दुसरी बघायला जायचो, आणि घरमालक आधी आडनाव विचारायचा, मग खोली कालच गेली म्हणायचा. परत येताना तुम्ही इतक्या भरभर चालायचात की मला पळावं लागायचं. मग अंबरनाथच्या कारखान्यातल्या कामगारांच्या पतपेढीनं तुमचं कर्ज मंजूर केलं आणि बदलापूरला एक खोली आणि किचन आपलं झालं. गिलावा व्हायचा होता, खिडक्यांना पत्रे होते, पण दारावर तुम्ही स्वतः ब्रशनं नाव लिहिलंत, आडनावासकट, आणि आडनाव जरा मोठ्या अक्षरात. तुमच्या कारखान्यात रीत होती की कर्ज पास झालं की जामीनदारांना घरी बोलावून मटणाचं जेवण घालायचं. तुमचे दोन्ही जामीनदार तुमच्याच खात्यातले. एक शहाडला चाळीत राहणारे, त्यांना आम्ही काका म्हणायचो. दुसरे बदलापूर गावातले, शेतीवाडी असलेले, इस्त्रीचा शर्ट घालणारे. काका बोटं चाटत म्हणाले, “वहिनी, घर ह्याचं, पण एक कोपरा आपला हां! सही केलीय मी.” सगळे हसले. गावातले गृहस्थ मोजकं जेवले आणि रुमालानं एकेक बोट पुसत बसले. मला तेच आवडले होते.

दोन वर्षं तुमच्या पगारातून हप्ता कापला गेला आणि कुणाला त्याची आठवणही राहिली नाही. मग तुमचा खोकला सुरू झाला. रंगाच्या खात्यात बावीस वर्षं काढलेल्या माणसाची छाती दुसरं काय करणार? आधी खाडे, मग रजा, मग तुम्ही कॉटवरून उठेनासे झालात. कॉटखाली राख घातलेला डालड्याचा डबा असायचा, तुम्ही त्यात थुंकायचात, आणि तो रिकामा करायचं काम माझं होतं. आज खरं लिहिते. तो डबा उचलताना मी श्वास रोखायचे, तुमच्याकडे बघायचे नाही, आणि नंतर राखेनं हात घासून घासून कातडी लाल करायचे. तुम्ही ते बघत होतात हेही मला कळत होतं.

कामगार विम्याचा अर्धा पगार यायचा, पण तो सरळ तुमच्या हातात. कारखान्याच्या पगारपत्रकात तुमच्या नावापुढे काहीच नसायचं, त्यामुळे पतपेढी कापणार कुणाच्या पगारातून? नियमच होता. दोन्ही जामीनदारांच्या पगारातून, निम्मा निम्मा. हे कळलं त्या दिवशी तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपलात आणि जेवला नाहीत. दुसऱ्या रविवारी बाराच्या सुमाराला शहाडचे काका दारात उभे. “काय रे, झोपलायस काय नवाबासारखा? ऊठ, बस. वहिनी, काय शिजतंय?”

त्यानंतर ते दर रविवारी येऊ लागले. दर रविवारी अर्धा किलो मटण. तुमच्या कॉटला टेकून जमिनीवर मांडी घालायचे आणि जेवायला लागायचे. बाबा, मला त्या माणसाचं जेवण बघवायचं नाही. रस्सा वाटीनं फुर्रकन ओढायचे, हाडं ताटाच्या कडेनं रचून ठेवायचे, घाम गळ्यापर्यंत यायचा तो त्याच हाताच्या मनगटानं पुसायचे, आणि तोंडात घास असतानाच कारखान्यातल्या गोष्टी सांगून खदाखदा हसायचे. शितं तुमच्या चादरीवर उडायची. आई वाढत राहायची. पातेल्याचा तळ दिसायला लागला की मी आणि धाकटा एकमेकांकडे बघायचो. आम्हाला रस्सा आणि बटाटा उरायचा. हप्त्याचा विषय काकांनी कधी काढला नाही, आणि मला तेच जास्त घाणेरडं वाटायचं. मागायचं नाही, आणि खाऊन वसूल करायचं.

गावातले गृहस्थ एकदाच आले, मोसंबी घेऊन. दारातच चपला नीट लावून ठेवल्या, तुमच्यापासून जरा लांब बसले, “काळजी करू नका, मी आहे,” म्हणाले, आणि चहासुद्धा नको म्हणाले. मी मनात म्हटलं, माणूस असावा तर असा. त्यानंतर पंधरा दिवसांनी पतपेढीचे चेअरमन आले. त्यांनी खोलीच्या भिंतीवर हात फिरवून पाहिला, मोरीत डोकावले, गिलाव्याला किती खर्च आला ते विचारलं. तुम्ही कॉटवर पडून असताना तुमच्या डोक्यावरून आईला म्हणाले, “विकून मोकळ्या व्हा ना ताई. वांगणीला स्वस्तात भाड्यानं मिळतं हल्ली. जामीनदारांना किती दिवस लटकवणार?” आईनं पदर तोंडाला लावला. तुम्ही मात्र उठून बसलात. केवढा दम लागला होता तुम्हाला! “माझं नाव आहे दारावर,” एवढंच म्हणालात. ते गेल्यावर तुम्ही मला जवळ बोलावून सांगितलंत, काही झालं तरी ही खोली जाऊ द्यायची नाही. मी हो म्हटलं. तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

मग विम्याचे दिवस संपले, तो अर्धा पगारही थांबला. मी बारावी अर्धवट सोडली आणि उल्हासनगरला जीन्स शिवायच्या कारखान्यात धागे कापायला बसू लागले. सिंधी शेठाणी कात्री हातात देताना म्हणाली होती, “काम करेगी तो ठीक, रोना-धोना घर पे.” दर शनिवारी हातात पैसे यायचे, ते मी आईला द्यायचे. बोटांना निळा रंग चढायचा तो जेवतानाही जायचा नाही. आणि त्या माझ्या पैशातून, बाबा, तुम्ही पहिल्याच रविवारी आईला मटण आणायला पाठवलंत.

मी तुमच्याशी कधी वर तोंड करून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. “हप्ता भरायला पैसे नाहीत आणि मटण कसलं?” तुम्ही रागावला नाहीत. थांबत थांबत म्हणालात, “हप्त्याला आपले पैसे पुरत नाहीत. मटणाला पुरतात.” म्हणजे काय, हे मला कळेना. तुम्ही म्हणालात, “त्याच्या घरी रविवारी आता वरण-भात असतो. माझ्यामुळे. मग मी त्याला इथे बोलावलंय.” मला वाटलं, आजारानं तुमचं डोकं चालेनासं झालंय. सरळ हिशोब सोडून तुम्ही इभ्रतीचे खेळ खेळताय, आणि त्यासाठी माझी बोटं निळी होताहेत. मला तुमचीसुद्धा किळस आली. हेही पहिल्यांदाच लिहितेय.

तीन-चार रविवार मी दात आवळून काढले. मग तो रविवार आला. काका जेवायला बसले आहेत. आईनं ताट वाढलंय, आणि तेवढ्यात तुम्हाला संडासला जायचंय. गॅलरीच्या टोकाला सार्वजनिक संडास, आई तुम्हाला धरून घेऊन जाते. धाकटा बाहेर खेळतोय. खोलीत मी आणि ते. त्यांनी पहिला घास घेतला आणि माझ्याकडे ताट सरकवून म्हणाले, “पोरी, जरा रस्सा टाक.” मी पळी हातात धरून उभी राहिले. म्हटलं, “काका, तुम्हाला लाज वाटत नाही? माझा बाप मरायला टेकलाय आणि तुम्ही दर आठवड्याला येऊन आमचं घर खाताय.”

त्यांचा हात ताटातच राहिला. तोंडातला घास त्यांनी सावकाश गिळला. मला वाटलं आता ओरडतील, पगार कापला जातो ते काढतील, आणि मी तयार होते. ते म्हणाले, “तो एकटा जेवत नाही गं. मी बसलो की दोन घास खातो.” आणि मग, “भूक पण लागते मला, खोटं कशाला बोलू. घरी नाही परवडत आता.” उठले, मोरीवर हात धुतला, चपला घातल्या आणि गेले. तुम्ही परत आलात तेव्हा मी सांगितलं, त्यांचा मेव्हणा बोलवायला आला होता, घाईनं गेले.

पुढच्या रविवारी तुम्ही दाढी करून बसलात. मग म्हणालात, ओव्हरटाइम असेल. त्याच्या पुढच्या रविवारी आईला म्हणालात, त्याच्यासाठी ठेव बाजूला. मी प्रत्येक वेळी काहीतरी ठोकून दिलं, एकदा तर त्यांना कावीळ झाल्याचंही सांगितलं. मग एका रविवारी तुम्हीच म्हणालात, “मटण आणू नका. तोही माणूसच आहे, कंटाळला असेल पैसे भरून.” त्यानंतर तुम्ही कुणालाच बोलावलं नाहीत. जेवण जवळपास सुटलंच. चार महिन्यांनी तुम्ही गेलात. मयताला काका आले होते, खांदाही दिला. माझ्याकडे बघितलं नाही.

खोली गेली नाही, बाबा. तुमच्या फंडातून आणि ग्रॅच्युइटीतून कर्ज फिटलं. त्या कागदांसाठी आई आणि मी पतपेढीत गेलो तेव्हा कारकुनानं अख्खी फाइल माझ्यापुढे टाकली. त्यात गावातल्या गृहस्थांचा अर्ज होता, सुंदर अक्षरातला. कर्जदार आजारपणाचं निमित्त सांगून हप्ता चुकवतो, मात्र त्याच्या घरी दर रविवारी मटण शिजतं, तरी खोली विकून आम्हाला मोकळं करावं. मोसंबी आणल्यानंतरच्याच आठवड्यातला. मला किळस आली. त्याची नाही. काकांना मी जे बोलले ते आणि हे, एकच होतं. फक्त त्यानं शुद्ध लिहिलं होतं. अर्जाच्या मागे दुसरा कागद टाचलेला होता. एक जामीनदार नाव काढून घेत असल्यानं यापुढे पूर्ण हप्ता माझ्या पगारातून कापावा, माझी हरकत नाही. खाली काकांची वेडीवाकडी सही. मी बोलले त्याच्या पुढच्या महिन्यातली. ते वाचून मला भरून वगैरे आलं नाही. राग आला. एवढं बोलून घेतल्यावरही माणसानं असं वागावं, म्हणजे समोरच्याला तोंड लपवायला जागाच ठेवायची नाही. आईनं त्यांचे पैसे शहाडला नेऊन दिले. त्यांनी ते घेतले, तिला चहा पाजला, आणि माझं नाव काढलं नाही. आईला आजही वाटतं की त्यांनी येणं स्वतःहून बंद केलं. मी ते तसंच राहू दिलंय. काकाही आता नाहीत.

हे पत्र मी आईच्या नजरेला पडू देणार नाही, तिला वाचता येतं. सकाळी जामिनाच्या सहीसाठी चुलत्यांकडे जायच्या आधी फाडून टाकेन. पण ज्यासाठी लिहायला बसले ते अजून लिहिलेलं नाही. त्या रविवारी काका गेले, तुम्ही दोघं अजून गॅलरीच्या टोकाला होतात. ताट भरलेलं होतं, एका घासापुरतंच मोडलेलं. मी ते उचलून किचनमध्ये नेलं, भिंतीकडे तोंड करून उभी राहिले आणि सगळं मटण खाल्लं, भराभर, फुर्र आवाज करत, कुणी यायच्या आत. कितीतरी महिन्यांनी माझ्या वाट्याला फोडी आल्या होत्या. बाबा, ते फार चांगलं लागलं.