गणित राहिलं

परभणी,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय भक्ती,

तुला, योगीराजरावांना आणि गार्गीला आशीर्वाद. इकडं मी बरा आहे. पावसानं यंदा कापसाची पार वाट लावली, ते तू बातम्यांत बघितलंच असशील. घराला काही झालं नाही, फक्त मागच्या भिंतीला ओल आलीय.

तुझा मेसेज पाठ झालाय. "पप्पा, तुम्ही फोन उचलत नाही म्हणजे तुमच्या मनात नाही, असंच मी धरते. परभणी की जळगाव, हे यांना बदलीसाठी दिवाळीच्या आत कळवायचंय. तुमच्या शाळेचं खरं खरं काय ते सांगा. नाहीतर आम्ही जळगाव घेतो." अगं, बापाला अशी नोटीस देतात का? तुझी आई असती तर म्हणाली असती, पोरगी बापावर गेलीय आणि भांडायला बापच सापडलाय तिला.

मे महिन्यात तू फोनवर म्हणालीस, "झेडपीच्या शाळेत आता कोण लेकरं घालतं?" आणि मी "तुझ्या बापानं घातलं होतं" असं म्हणून फोन आपटला. तेव्हापासून मी रुसून बसलोय असं तुला वाटतंय. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असंही म्हणत असशील. पीळ आहे, नाही कशाला म्हणू. पण राग त्याच आठवड्यात गेला होता. फोन न उचलण्याचं कारण वेगळं आहे. ते सांगतो. आधी शाळेचं सांगतो, कारण गार्गीला जूनमध्ये आठवीला कुठं घालायचं हे ठरल्याशिवाय तुमचं गाव ठरणार नाही, हे मला कळतं.

तू शिकलीस तेव्हा आपल्या प्रशालेच्या पुढं गंगाखेड रोडला नुसती ज्वारी होती. आता दोन्ही अंगाला प्लॉटिंग झालंय आणि गाव आम्हाला ओलांडून पुढं गेलंय. सकाळी गेटवर उभं राहिलं की पिवळ्या बस एकामागं एक निघून जातात. परभणीच्या उन्हात टाय बांधलेली लेकरं खिडकीतून आमच्याकडं बघतात. आमची पोरं पायी येतात, नाहीतर बापाच्या भाजीच्या गाड्यावर बसून येतात. गवंड्याची, ऑटोवाल्याची, धुणंभांडी करणाऱ्या बायांची लेकरं. मास्तर, तलाठी, ग्रामसेवक आपलं लेकरू आमच्याकडं घालत नाहीत. आम्हीच मे महिन्यात घरोघर फिरून पोरं गोळा करतो, पोरीसाठी स्थळ बघत फिरावं तसं. चहा घ्यायचा, पोराचं कौतुक करायचं, आणि शेवटी पोराचा बाप म्हणतो, "विचार करून कळवतो की सर."

गेटवर 'डिजिटल शाळा' असा फलक लागलाय. डिजिटल म्हणजे भिंतीवरचा एक मोठा टीव्ही. खंडेनवमीला त्याची हार घालून पूजा होते, मग त्याच्यावर पुन्हा कापड पडतं. तो चालू झालेला मी एकदाच बघितला, साहेब आले होते तेव्हा.

आता विषयवार सांगतो. आपलेच दात आणि आपलेच ओठ, पण तू खरं विचारलंयस.

मराठी आणि समाजशास्त्र बरं आहे, काळजी नाही. विज्ञानाचे सर निवृत्त झाले आणि ती जागा काही भरली नाही. प्रयोगशाळेला कुलूप आहे. मुख्याध्यापक व्यंकटराव स्वतः विज्ञान घेतात. माणूस सोन्यासारखा, पण विषय इतिहास. त्यामुळं ते प्रकाशाचं परावर्तन असं सांगतात की प्रकाश आला, आरशावर चालून गेला आणि हात हलवत माघारी फिरला. पोरं हसतात. परीक्षेत मात्र रडतात. सेमीचं विज्ञान इंग्रजीतून असतं, तिथं तर व्यंकटराव गाईड वाचून दाखवतात आणि घाम पुसतात. गार्गी आता इंग्रजी माध्यमात आहे, तिला हे चालणार नाही.

इंग्रजी मात्र बघण्यासारखं आहे. सुकेशनी वाव्हळे मॅडम. तू ओळखत नाहीस, तुझ्या नंतर आल्या. वर्गात त्या बाजार भरवतात, एक पोरगी वांगे विकती, दुसरी घासाघीस करती, सगळं इंग्रजीत. मागच्या बाकावरचा दत्ता दिंडे, ज्याला स्वतःचं नाव सांगायची लाज वाटायची, तो परवा मला म्हणाला, "गुड मॉर्निंग सर, लय चिखल हाय आज." अर्ध्यावर आला, तेही थोडं नाही. पैसेवाल्या शाळेतसुद्धा असं इंग्रजी शिकवत नसतील. हे मी मास्तर म्हणून सांगतोय, शाळेचा म्हणून नाही.

चित्रकलेला कोणी नाही. खेळाला मैदान आहे, पण अर्ध्यात बाजूच्या प्लॉटवाल्यानं खडी टाकलीय.

भाकरी टाकायला उठलो होतो. आता दिवे लागलेत. मधल्या वेळात काही केलं नाही, नुसता टीव्ही लावून बसलो. घरात माणसाचा आवाज पाहिजे म्हणून लावतो, बघत नाही.

गणित राहिलं.

भक्ती, जूनमध्ये मी तुला मेसेज टाकला होता की नांदेडला प्रशिक्षणाला चाललोय. प्रशिक्षण नव्हतं. गळ्यात गाठ आली होती, थायरॉईडची. ती काढली. तपासली तर साधी निघाली, तेव्हा तिथं बसल्या बसल्या घाबरू नकोस. पण आवाजाची नस त्या गाठीला चिकटलेली होती. गाठ काढताना तिला इजा होऊ शकते हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. झालं. आता माझ्या तोंडून नुसती हवा निघते. अगदी कानाजवळ आलं तर थोडं कळतं, फोनवर काहीच नाही. वर्षभरात आवाज येईल म्हणतात, नाही येणार असंही म्हणतात.

सोबत सुकेशनी मॅडम आणि त्यांचे मिस्टर होते. नर्सनं विचारलं, "तुमी कोण यांच्या?" मॅडम म्हणाल्या, "आमी एकाच शाळेतले." नर्स म्हणाली, "घरचं कोणी न्हाई का?" मॅडमनी माझ्याकडं बघितलं. तिथं तू पाहिजे होतीस हे मला तेव्हाही कळत होतं, पण आधी फोन आपटलेला मीच, मग कुठल्या तोंडानं बोलावू.

नंतर तुझे फोन यायला लागले. पडद्यावर तुझं नाव यायचं आणि मी फोन हातात धरून बसायचो, वाजून वाजून बंद पडेपर्यंत. मग 'मीटिंगमध्ये आहे' असं टाकायचो. रविवारी संध्याकाळी कसली मीटिंग असते, हे तुलाही कळलं असणार.

सांगितलं का नाही? सांगितलं असतं तर तू धावत आली असतीस. माझी कीव येऊन परभणी घेतली असतीस आणि गार्गीला डोळे झाकून माझ्या शाळेत टाकलं असतंस. तिची शाळा माझ्या गळ्यासाठी ठरावी, हे मला नको होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं. ती मूठ झाकून झाकून आता हात अवघडलाय.

तुझा बाप वर्गात कसा होता हे तुला सांगायला नको. पाढे सुरू झाले की रस्त्यावरचे लोक थांबायचे. आता मी फळ्यावर पायरी लिहितो आणि पोरं ती मोठ्यानं वाचतात. मधेच मुद्दाम चूक करतो, ती त्यांनी धरायची. "सर, चुकायलंय तुमचं," म्हणून ओरडतात, खूश होतात. पुढच्या बाकांचं चांगलं चाललंय, उलट ती जास्त ध्यान देऊन बघायलीत. साहेबांना दाखवायला हे झकास आहे.

पण मागची पोरं सुटलीत माझ्या हातातून. त्यांना मी आवाजानं धरून ठेवलं होतं. "दिंडे, खिडकीत तुझा मामा आलाय का?" एवढं म्हटलं की दिंडे जागेवर. आता मी त्याच्याकडं बघत राहतो आणि तो खिडकीकडं बघत राहतो. घटक चाचणीत ती सगळी पोरं नापास होऊन बसली. आणि एक पोरगी आहे, प्रश्न विचारते. मी उत्तर फळ्यावर लिहितो. ती वाचते आणि समजल्यासारखी मान हलवते. ती मान मला ओळखू येते. आठवीत तूही स्वयंपाकघरात पाटावर बसून तशीच मान हलवायचीस, खोटी. मग मी तेच दुसऱ्या शब्दांत सांगायचो, मग भाकरीवर सांगायचो, मग तुझ्या आईच्या बांगड्यांवर, तुझा चेहरा उजळेपर्यंत सांगत राहायचो. आता लिहून एकदा सांगता येतं. दुसऱ्यांदा लिहीपर्यंत तास संपतो.

मागं तू लिहिलं होतंस की गार्गीला गणिताची भीती वाटते, तिला जवळ बसून बोलून बोलून सांगावं लागतं. तेव्हा खरं खरं हे की गार्गीला माझ्या वर्गात घालू नकोस.

एवढं एक वाक्य लिहायला मला दुपारपासून आतापर्यंत वेळ लागला.

नोकरी सोडू का, असं व्यंकटरावांना कागदावर लिहून विचारलं होतं. ते म्हणाले, "सर, तुमी गेलात की ही जागापण विज्ञानासारखी होईल. मग मी गणितबी शिकवायचं का?" मला हसू आलं, पण हसण्याचाही आवाज निघाला नाही. म्हणून जातो रोज. नाहीतर कुठं जाऊ? एकटा माणूस घरात निदान स्वतःशी तरी बोलतो, माझं तेही बंद झालंय. दूधवाल्याला वाटतं मला गर्व झालाय. मंडईत बोटानं दाखवून भाजी घेतो तर बाई ओरडून बोलते, मी बहिरा आहे असं समजून. शाळेत निदान पोरं मी लिहिलेलं वाचतात, तेवढा वेळ माझं म्हणणं कुणाच्या तरी तोंडून बाहेर पडतं.

आता ऐक. ज्या टायवाल्या शाळेला मी तुझ्यापुढं नावं ठेवली, ती आपल्या शाळेच्या थोडं पुढं आहे. तिथं आठवी-नववीचं गणित राजेश्री कचवे घेते. तुला आठवते का, तुझ्या मागच्या वर्गात होती, दोन वेण्या, मानवतहून बसनं यायची. तुझा मेसेज आल्यावर मी गेलो तिथं. चिठ्ठीवर लिहून दिलं की नातीसाठी वर्ग बघायचाय. मला बघून ती रडायलाच लागली, मग मला मागच्या बाकावर बसवलं.

समीकरणं चालली होती. एका पोरीनं तशीच खोटी मान हलवली. राजेश्री तिच्या बाकापाशी गेली आणि म्हणाली, "मान नको हलवू, तोंड उघड. कळलं नसलं तर माझं चुकलं, तुझं नाही." भक्ती, हे माझं वाक्य आहे. असंच्या असं. मग तिनं तेच दुसऱ्या प्रकारे सांगितलं, मग तिसऱ्या. "बरोबरच्या चिन्हाला ओलांडताना चप्पल काढायची आणि चिन्ह बदलायचं," हेही माझंच. तिला आपण कुणाचं बोलतोय याची जाणीवसुद्धा नव्हती. मी मागं बसून माझाच तास ऐकला, पूर्ण. बाहेर येऊन कडुलिंबाखाली बराच वेळ उभा राहिलो, कारण डोळे पुसून झाल्याशिवाय रस्त्यावर येता येईना.

म्हणून तिथं घाल गार्गीला. फी जास्त आहे, पण योगीराजरावांना जमेल. इंग्रजीला संध्याकाळी सुकेशनी मॅडमकडं पाठव, मी त्यांना विचारून ठेवलंय.

माझ्या शाळेसाठी परभणी घे, असं मला लिहिता येत नाही. उभी नोकरी इथं गेली, सगळ्या गावाची लेकरं मागून आणली, आणि स्वतःच्या नातीसाठी नको म्हणतोय. शाळेतल्या कुणाला हे कळलं तर मला तोंड दाखवायला जागा नाही. पण जे आहे ते आहे.

परभणी माझ्यासाठी घे. मला करमत नाही. तुझ्या आईमागं इतकी वर्षं काढली तेव्हा नाही वाटलं एवढं एकटं आता वाटायलंय. कीव आली तर कीवेनं ये, मी आता तेही घेईन. जळगावला जास्त बरं असेल तर जळगाव घ्या. मी समजून घेईन. पण समजून घेणं वेगळं आणि बरं वाटणं वेगळं, तेही खरं खरं सांगून टाकतो.

हे मिळालं की फोन कर. या खेपेला उचलीन. इकडून काही ऐकू आलं नाही तर लाईन गेली असं समजून ठेवू नकोस. तू बोलत राहा, शिव्या दे, गार्गीला फोन दे, काहीही बोल.

ऐकतोय,
तुझा पप्पा