बोटं माझी, सोलो माझा

३ मार्च
बोटं सुजलेली. क्लॅरिनेटची भोकं नीट झाकली जात नाहीत. डॉक्टरीणबाईंनी मेथोट्रेक्सेट दिलं, आठवड्यातून एकदाच, सोमवारी. पेशी वाढायला डीएनए लागतो, तो बनवायला एक एन्झाइम लागतं, ही गोळी त्यालाच अडवून धरते. सांधे सुजवणाऱ्या पेशी गारद. १८ मेला वाद्यवृंदात माझा सोलो आहे, बारा मिनिटांचा. तो मीच वाजवणार.

४ मार्च
चिठ्ठीत गुरुवारी घ्यायचं फॉलिक ॲसिडही आहे. वाचून काढलं. ते एन्झाइम फॉलिकच कामाला लावतं. म्हणजे सोमवारी कुलूप लावायचं आणि गुरुवारी चोराला किल्ली द्यायची. बायको म्हणाली, तुम्ही आपलं फुंकायचं बघा, औषधात नाक खुपसू नका. फॉलिक बंद. डबी मोज्यांच्या खणात.

१४ एप्रिल
बोटं वळली. बाई म्हणाल्या होत्या तीन महिने लागतील. मला सहा आठवडे पुरले. रक्त तपासायला बोलावलं होतं, गेलो नाही. धडधाकट माणसाचं रक्त काय काढायचं?

२ मे
जिभेवर फोड. क्लॅरिनेटची तोंडात धरायची रीड जुनी झाली असणार. नवी घेतली.

९ मे
फोड चार. नवी रीडही भिकार. दुकानदाराला सुनावलं. धाकटा मेहुणा आमच्यातच दुसरा क्लॅरिनेट वाजवतो, मीच शिकवलाय. म्हणाला, भावोजी, सोलो मी बसवून ठेवू का? म्हटलं, ठेव, तेवढीच तुझी हौस.

१३ मे
तोंड आलंय. पाणीही झोंबतं. बायकोला डबी सापडली. तडक दवाखान्यात नेलं. बाई म्हणाल्या, ते एन्झाइम काय फक्त तुमच्या सांध्यांत आहे? तोंडातली कातडी सारखी नवी होत असते, तिलाही डीएनए लागतो. फॉलिक तिच्यासाठी होतं, सांध्यांना आलेला गुण त्याने जात नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशीही घसरल्यात. मुख्य गोळी तूर्त बंद. मी त्यांचा मुद्दा खोडून काढणार होतो, पण तोंड उघडेना. सोलोला अजून पाच दिवस आहेत.

१८ मे
मेहुण्याने वाजवला. शेवटचा सूर किंचित चढा लागला, हे त्याला सांगायला हवं. सगळे उभे राहिले. मीही राहिलो. फार वाईट वाटलं. बराच वेळ टाळ्या वाजवल्या. बोटं जराही दुखली नाहीत.