निर्माल्याची पिशवी

नवघर, भाईंदर
१ डिसेंबर २००६

आई गं,
नमस्कार करते. आणि मी नीट जेवतेय, हे आधीच सांगते.

तू म्हणालीस तसे मार्गशीर्षातले गुरुवार करतेय. आज सकाळी निर्माल्य पिशवीत घालून, गाठ मारून खाडीत टाकलं, इथे सगळे टाकतात तसं. लगेच एक सीगल झेपावला आणि पिशवीचा तुकडाच गिळायला लागला! घशात अडकला, तसा चिखलात धडपडायला लागला. मी नुसती किंचाळले. मासे निवडत बसलेल्या सरूबाईंनी त्याच्यावर टोपली पालथी घातली, हळूच धरला आणि चोचीतून वीतभर प्लास्टिक ओढून काढलं.

"देवीला फुलं न् पाखराला पिशवी? शिकलेली हायस ना गं?"

तेवढ्यात तो सीगल माझ्या नव्या ओढणीवर शिटून उडाला. आम्ही दोघी पोट धरून हसलो.

उरलेली पिशवी वाहून गेली गं. ती कोण गिळेल, हे डोक्यातून जात नाहीये.

बाबांचा गुडघा कसाय?

पुढच्या गुरुवारपासून फुलं कुंडीतल्या मातीत पुरणार आहे. देवीला मी समजावेन, तू तेवढी रागावू नकोस.

तुझीच,
हर्षला