गोविंदाच्या कानातला कापूस

अंबड, मंगळवार, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

शाळा सुटल्यावर गोविंदाचा बाप आला. मेंढरं घेऊन वाटूरकडं निघालोय, पोराला सोबत नेतो म्हणाला. मी म्हणालो, न्या. दोन वर्षं झाली, त्याला धडा वाचता येत नाही.

"बराबर हाय, मास्तर. गोवर आल्ता तवापासून दोन्ही कान वाहून राह्यले. त्याला नीट ऐकूच येत न्हाई."

कानात रोज कापूस असायचा. मी अत्तराचा फाया समजलो. शौकीन पोरगं म्हणून वर्गात "या, नवाबसाहेब" म्हणायचो. पोरं हसायची. तोही हसायचा. वाचता येईना तसा मीच त्याला एकेक ओळ मागं सरकवलं, अगदी दारापर्यंत. तिथं माझा आवाज किती पोचत असेल?

अत्तराचा वास एकदा तरी आला होता का? न्हाई. मंग?

घरी येऊन जेवलो. वह्या तपासल्या. काहीच वाटत नाही, याचंच नवल वाटतंय.

तो कापूस डोळ्यांपुढून जात नाही. मी नवाबसाहेब म्हटलं की गोविंदा आधी बाकीच्या पोरांची तोंडं बघायचा. मंग हसायचा.