मानपानाचा भाग

३ मार्च, सोमवार

सगळं बदललं ते सिन्नरला, उज्वलाच्या लग्नात. मी कॅमेरा घेऊन उभा आणि समोर करवली म्हणून तेजल! नवरीची मामेबहीण निघाली. कॉलेजात माझ्याच वर्गात होती. दुसऱ्या वर्षाला मी सरांशी भांडून बाहेर पडलो, त्यानंतर थेट आता दिसली.

म्हणाली, "कॉलेज अर्ध्यात सोडलंस. हे एक काम तरी पुरं करून दाखव."

"आणि केलं तर?"

हसली. हातातला करा सांभाळत पुढे गेली.

त्या हसण्यावर दिवस काढतोय. लग्नाची फिल्म पुरी करायची, मग तिला फोन. ठरलं.

५ मार्च

काम शून्य. सकाळी तेजलचा एक शॉट स्लो मोशनला लावला. आईने जेवायला हाक मारली तरी तोच चालू. स्वतःचा धंदा म्हणजे साहेबही मी, शिपाईही मी. शिपाई रोज सुट्टी मागतो, साहेब रोज देतो.

८ मार्च

लक्ष लागावं म्हणून मोबाइल तांदळाच्या डब्यात लपवला. आईला सापडला.

"भिजला का रे?"

"नाही."

"मग डोकं ठेव त्यात. ते भिजलंय."

१२ मार्च

काम न होण्याचं खरं कारण आज कळलं. फिल्म दिली की तिला रोज बघायचं निमित्त संपणार. आणि नाही दिली तर फोन कुठल्या तोंडाने करू?

१९ मार्च, रंगपंचमी

सगळी पोरं रंगाच्या हौदात उड्या मारायला रहाडीवर गेली. मी दार लावून बसलो आणि एका बैठकीत फिल्म उरकली. मानपान अख्खं उडवलं. टोपी, टॉवेल, नारळ, फोटो, पुढचा पाहुणा — तेच तेच. तो भाग मदतीला घेतलेल्या समाधानने दुसऱ्या कॅमेऱ्यावर घेतलाय. मी तेव्हा पंगतीत तेजलला शोधत होतो. उघडूनही पाहिला नाही. लिंक पाठवून दिली. उद्या-परवा तिला फोन करतो.

२१ मार्च

नवरीच्या वडिलांचा, कारभारी अण्णांचा फोन.

"आमचे साडू कुठं हायेत? सगळ्यांना घरी बोलवून टीव्हीवर पिच्चर लावला, अन् साडू मधूनच उठून गेले. ती करवली मात्र घडोघडी! लगीन कोणाचं व्हतं रं?"

माझं डोकं फिरलं. "अण्णा, टोप्या-टॉवेल बघत कोण बसतं?"

"आमी बसतो. आमच्यासाठीच तर काढायला सांगितला व्हता."

अण्णांनी आवाज चढवला असता तर मी भांडलो असतो. चढवलाच नाही.

२२ मार्च

तेजलचा नंबर काढला आणि ठेवून दिला. काम पुरं झालेलं नाही. तिला खोटं सांगायचं नाही. आधी साडूंना फिल्ममध्ये आणतो.

२३ मार्च, रविवार

समाधानचं फुटेज पहिल्यापासून पाहिलं. साडू सापडले. त्यांच्या मागोमाग माइकवर आवाज — "आमच्या तेजलताईंचे नियोजित सासरे, कळवणचे पाहुणे. नवरीचे मामा त्यांचा सत्कार करतील." तिच्या वडिलांनी त्यांना टोपी घातली. तेजल डोक्यावर पदर घेऊन पाया पडली. सासऱ्यांशेजारी उभ्या त्यांच्या पोराने हळूच काहीतरी म्हटलं, तशी ती तोंडावर हात धरून हसत राहिली. मला असं हसू ठाऊकच नव्हतं.

तो भाग कापला नाही. आवाज बारीक होता, तेवढा वाढवला.

फिल्म पुरी झाली. अण्णांसाठी पेनड्राइव्ह खिशात आहे, सिन्नरची बस आहे. दार ओढून घेतो.