एक तुला, एक मला

२ फेब्रुवारी, सोमवार

तोतारामला काढलं! पारसने, माझ्या सख्ख्या धाकट्या भावाने, मिलच्या फाटकावर, हमालांसमोर. "उद्यापासून येऊ नको." पप्पांच्या काळापासूनचा फिटर! कारण काय, तर तेलाच्या घाण्याचं बेअरिंग जळालं. डिसेंबरात एक बदललं होतं, आता दुसरं गेलं, आणि ऐन सरकीच्या हंगामात जळगावची मिल बंद.

संध्याकाळी तोताराम माझ्या दारात. आत येईना, बाहेरूनच भांडत होता. माझ्याशी!
"मॅडम, ग्रीस मी सोता भरेल व्हतं. भाऊ म्हणतस भरंच नही. बठ्ठा दोस मनाच का?"
म्हटलं, सगळा दोष तुझाच की नाही, मी पाहिलेलं नाही, मी काय सांगणार?
"मंग पाहा ना! इतला वरीस पोरेस्ले काय शिकाडं मंग तुम्ही?"

उद्धट माणूस. आधीपासूनच उद्धट. पण प्रश्न बरोबर विचारला. उद्या जाते.

३ फेब्रुवारी, मंगळवार

पाहिलं. डोकं फिरलं.

घाण्याच्या शाफ्टच्या मागच्या टोकाला दोन बेअरिंग बसतात, पाठीला पाठ लावून नव्हे, एकामागे एक, दोघांची तोंडं एकाच दिशेला. उतरवून गोणपाटावर ठेवलेली होती. एक जळून निळं-काळं. दुसरं आरशासारखं! पारस मला समजावतो — "बघ जीजी, हे नीट आहे ना? म्हणजे माल चांगला होता. ग्रीसच भरलं नाही यानं." अरे, एकाच कप्प्यात शेजारी-शेजारी बसलेली दोन बेअरिंग, ग्रीस एकच. ग्रीस नसतं तर दोन्ही जळाली असती!

धुळ्याच्या पॉलिटेक्निकमध्ये आयुष्यभर हेच शिकवलं. शाफ्ट सरकीला पुढे रेटतो. सरकी काय गप्प बसते? ती शाफ्टला तेवढ्याच जोराने मागे रेटते. तो रेटा कोणीतरी अंगावर घ्यायला हवा. एका बेअरिंगच्या आवाक्यातलं ते काम नाही, म्हणून दोन. पण दोन ठेवली की भार आपोआप अर्धा-अर्धा होतो असं ज्याला वाटतं, त्याला मी वर्गात उभं केलं असतं, तासभर! दोघांतलं जे केसाच्या अंशाने पुढे असेल ते सगळा रेटा खातं. दुसरं नुसतं त्याच्यासोबत फिरतं. चमकत!

म्हणून तर कारखान्यातच दोघांच्या कडा एकमेकांशी जुळवून घासतात. आणि दोन्ही एकत्र धरून वर एक मोठी व्हीची खूण करतात, एक तिरपी रेघ एकावर, दुसरी दुसऱ्यावर. व्ही पूर्ण जुळला तर जोडी. नाहीतर दोन परके.

ते चमकणारं मी पदराने पुसलं. (साडी गेली.) कडीवर एक तिरपी रेघ. एकच.

ही माझी जोडी! पप्पांबरोबर मुंबईच्या डीलरकडे जाऊन मीच निवडलेली. अडीअडचणीला म्हणून ठेवलेली. दोन्ही खोकी पप्पांनी स्वतः सुतळीने एकत्र बांधली होती.

"याचं दुसरं कुठे आहे?"
पारस घाण्याकडे बघत म्हणाला, "ते विमलच्या वाटणीला गेलं." विमल म्हणजे आमचा दुसरा भाऊ, धुळ्याचा.

४ फेब्रुवारी, बुधवार

रात्री झोप नाही. राग मावळत नाही, उलट वाढतोय.

दिवाळीनंतर वाटणी झाली. जळगावची मिल पारसला, धुळ्याची विमलला. त्याबद्दल मी काही म्हटलं नव्हतं. पण मग म्हणे काकांना मधे बसवून, समाजातल्या दोन मोठ्यांना साक्षीला घेऊन, स्टोअरच्या फरशीवर मांडी घालून सामान वाटलं. पाने, पट्टे, बोल्ट, ग्रीसचे डबे. एक तुला, एक मला. सुतळी कोणी कापली कोण जाणे. मी कुठे होते? वरच्या मजल्यावर, बायकांत. चहा पीत. यंत्ररचना शिकवलेली बाई वर चहा पीत होती आणि खाली तिची जोडी फोडत होते!

पारसला आज स्पष्ट विचारलं. त्याचं उत्तर: "बेअरिंग दोन, भाऊ दोन. यात चुकलं काय?"
म्हटलं, "पप्पांच्या चपलाही वाटून घेतल्यात का? एक उजवी, एक डावी?"
तिथे उभा असलेला हमाल हसला. पारस लाल झाला.

आणखी ऐका. (कोण ऐकणार, वही?) डिसेंबरात चालत्या जोडीतलं एक वाजायला लागलं. तोताराम म्हणाला दोन्ही काढू का, तर पारसच म्हणाला, "चांगलं चाललेलं कशाला काढतोस? खराब तेवढं बदल." म्हणजे हे राखीव जोडीतलं एक, ते जुन्या जोडीतलं एक. परके! जुन्याने सगळा रेटा खाल्ला आणि ते जळालं. आणि काढलं कोणाला? ज्याने सांगितलेलं केलं त्याला!

"तोतारामला परत घे," म्हटलं.
"जीजी, तुला पेन्शन आहे, तू सुखाने राहा. मिल आता आम्हा दोघांची. तुझा काय संबंध?"

लिहून ठेवते, शब्द न् शब्द. तुझा काय संबंध.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पारसचा मेसेज: "जीजी, १३ ला शुक्रवारी अकरा वाजता रजिस्ट्रार ऑफिस. हक्कसोडची फक्त सही आहे."

फक्त!

पप्पांच्या मागे आम्ही तिघं. मी माझा हक्क सोडते असं लिहून दिलं की मगच यांची वाटणी पक्की. दिवाळीला विचारलं तेव्हा मी मान हलवली होती. मला कशाला हवी मिल? आजही नको आहे. पण "फक्त" काय!

७ फेब्रुवारी, शनिवार

धुळ्याला जाऊन आले. एसटीने. पारोळ्याला बस अर्धा तास उभी, पंखा नाही, शेजारच्या बाईची कोंबडी माझ्या पिशवीला चोच मारत होती. जाऊ दे.

विमलकडचं बेअरिंग अजून खोक्यातच आहे! उघडून पाहिलं. दुसरी तिरपी रेघ. हात लावून बसले थोडा वेळ. विमलला वाटलं मी भावुक झाले. भावुक कसली, दात-ओठ खात होते.

त्याच्याही घाण्यात एक बेअरिंग कुरकुरतंय. हेच एकटं बसवायचं म्हणतो. सगळं समजावलं, अगदी आकृती काढून. ऐकून घेतलं आणि मग डोळे बारीक करून म्हणाला, "पारसने पाठवलं ना तुला?"
"मला कोणी पाठवत नाही!"
"मग त्याचं इकडे दे म्हणावं. जोडी माझ्या मिलमध्ये लागेल."
आणि पारसचं म्हणणं, विमलचं जळगावला यावं. दोघांनाही जोडी हवी, आपापल्या घरी!

स्वयंपाकघरात विमलची बायको, चेलना, पापड भाजत होती. तिला सांगितलं. तेलाचा डबा दोघी उचलू म्हटलं, आणि मी मुद्दाम हात सैल सोडला. डबा सगळा तिच्या अंगावर आला.
"अय्या बाईसा! तुम्ही नुसताच हात लावलाय!"
"हेच. तुझ्या नवऱ्याला हेच कळत नाही."
चेलना कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "एकाने सगळं ओढायचं आणि दुसऱ्याने सोबत फिरत चकाचक राहायचं? बाईसा, हे मला कशाला शिकवता? लग्नाला अठ्ठावीस वर्षं झालीत माझ्या."
बाहेरून विमल: "काय झालं?"
"काही नाही, तुम्ही फिरा!"

दिवसभरात तेवढीच हसले.

९ फेब्रुवारी, सोमवार

नवी जोडी मागवू म्हणून बेअरिंगच्या दुकानात गेले. काउंटरवरचा तरुण मालक: "जोडी कशाला मावशी, दोन सुटी घ्या ना, नंबर तोच!" मावशी! त्याला पंधरा मिनिटं उभ्याउभ्या शिकवलं. शेवटी फोन लावला त्याने. आपल्या घाण्याच्या मापाची जुळवलेली जोडी यायला एप्रिल उजाडेल. एप्रिलात सरकी कुठली?

मग उपाय सुचला. सोपा आहे, म्हणूनच यांना नको असणार. दोन्ही तुकडे एकत्र आणा, जळगावच्या घाण्यात बसवा, विमलच्या सरकीचं तेलही इथेच काढा. धुळ्याचा घाणा नवी जोडी येईपर्यंत बंद. जळगावचाच का, तर इथे शाफ्ट ठीक आहे, धुळ्याचा मागे सरकलेला आहे. मी बोट लावून पाहिलंय. एकाने तेल दिलं, दुसऱ्याने सरकी दिली, कोणाचंही नुकसान नाही.

पारस: "त्याचा माल माझ्या मिलमध्ये? उद्या म्हणेल पेंड कमी आली."
विमल (फोनवर): "माझी मिल बंद ठेवू आणि त्याची चालू? छान न्याय आहे, जीजी!"

एका आईची लेकरं. एका ताटात जेवलेली. मीच भरवलं होतं दोघांना!

१० फेब्रुवारी, मंगळवार

तोताराम मिलसमोरच्या टपरीवर बसलेला दिसला. बोदवडच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला विचारलं त्याने. त्यांनी आधी पारसला फोन केला, मग याला म्हणाले, "बेअरिंग जाळणारा तू का?" म्हणजे आता नावच पडलं. चाळीस कोसांत फिटरचं काम मिळायचं नाही.

मला चहा पाजला. पैसे देऊ दिले नाहीत. वर म्हणतो, "तुम्ही म्हणतस जोडी, जोडी. मी म्हनस बेरिंग ते बेरिंग शे. माले आजूनबी पटत नही."
"पटू नको! पण तू जाळलं नाहीस, एवढं तर पटतं?"
"ते तं माले पहिलेपासून ठाऊक शे."

मी इतकी धावपळ करते आहे ती या माणसासाठी!

११ फेब्रुवारी, बुधवार

चेलनाचा फोन, हळू आवाजात. विमल शनिवारी सकाळी ते बेअरिंग एकटंच बसवणार. फिटर सांगितला आहे. म्हणजे पंधरा दिवसांत एक तरी जळणार, जोडी कायमची संपणार, आणि धुळ्यालाही कोणीतरी फिटर फाटकावर उभा राहून शिव्या खाणार. ग्रीस भरलं नाही म्हणून!

विमलला फोन केला. उचलला नाही. पारसला केला. "जीजी, मी कामात आहे."

१२ फेब्रुवारी, गुरुवार

साड्या आल्या. हक्क सोडणाऱ्या बहिणीला भावाने साडी द्यायची असते. दोन आल्या. एक पारसकडून, एक विमलकडून, वेगवेगळ्या माणसांच्या हाती, एकाच दुकानाच्या पिशव्यांत. एकाला दुसऱ्याहून कमी दिसायचं नव्हतं. पारसच्या चिठ्ठीत, सही झाली की दुपारी घरी दाल-बाटी.

दोन्ही साड्या पलंगावर पसरून पाहिल्या. चांगल्या आहेत. पप्पांनी आणली असती तर एकच आणली असती आणि रंगही चुकला असता.

कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर म्हणायच्या, चिडायचं तर चिडा, पण वाक्य पूर्ण करा. अर्धवट वाक्यात चिडणाऱ्या मुलीचं कोणी ऐकत नाही. आठ दिवस मी सगळ्यांशी अर्धवट वाक्यात चिडते आहे. फोनवर, फाटकावर, स्वयंपाकघरात.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सही केली नाही. पेन वकिलाला परत दिलं आणि पूर्ण वाक्यात सांगितलं — "मी माझा हक्क सोडत नाही, दोन्ही मिलमध्ये तिसरा हिस्सा माझा आहे, त्यामुळे वाटणी झालेलीच नाही, आणि उद्या सकाळी विमलकडचं बेअरिंग जळगावला आलं नाही तर मी कोर्टात जाईन."

दोघे एकदम उठले. "जीजी!" दिवाळीपासून एकमेकांकडे न बघणारे दोघे, खांद्याला खांदा, तोंडं एकाच दिशेला. माझ्याकडे!

बाहेर येऊन तोतारामला फोन केला. उद्या आठला ये. मालकीणबाई बोलतेय म्हटलं.

साड्या परत पाठवल्या.